कच्च्या मुळाचा दात

दाताच्या डॉक्टरचं निम्मं आयुष्य रक्त थांबवण्यात जातं. कापूस दाबून धरा, थुंकू नका, गरम पिऊ नका, दोन तास गप्प बसा, ही पोपटपंची मी पनवेलात उभा जन्म केली. पण एका सकाळी मी नऊ वर्षांच्या एका पोरीच्या दातात डोळे घालून बसले होते आणि मनात एकच घोकत होते: ये रे बाबा रक्ता, ये. मागे भिंतीला टेकून तिचा बाप उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तोही बहुधा तेच मागत होता, फक्त एकवीरा आईकडे.

संपादकांनी मला ‘दवाखान्यातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या. गमती काय कमी आहेत? परवा कुवेतचं विमान आहे, तेवढ्यात सगळे दात करून टाका म्हणणारे एक चाचा होते. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, “डॉक्टरसाहिबा, खुदा के वास्ते निम्मे तरी करा.” काढलेली अक्कलदाढ धुऊन, रुमालात बांधून घरी नेणारे एक मास्तर होते. कशाला हो नेता, असं विचारलं तर “माझी आहे” म्हणाले. पण हे किस्से लग्नाच्या पंगतीत सांगायचे. लिहायलाच बसले आहे तर रुचिताच्या दाताबद्दल लिहिते. त्यात गंमत कमी आणि घाम जास्त आहे.

आधी एक सांगते. मी खडूस आहे. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. माझी मदतनीस संगीता वीस वर्षं माझ्याकडे आहे आणि नव्या पेशंटला ती बाहेरच सांगून ठेवते, “बाई ओरडतील, पण हात हलका आहे.” मला ओरडल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी तरी काय करू? लोक दाताकडे लक्ष देत नाहीत, तो ठणकायला लागला की लवंग दाबतात, आणि ठणका थांबला की देवाची कृपा झाली म्हणून गप्प बसतात.

रुचिताच्या घरी हेच झालं होतं. ती समुद्रकाठच्या करंजा गावची. वडील हरेश्वर मासेमारी करतात, भावाबरोबर भागीत बोट आहे. पोरगी बंदराच्या धक्क्यावर धावताना मासळीच्या पाण्यावरून घसरली आणि वरचा, समोरचा दात अर्धा तुटला. थोडे दिवस दुखला, मग थांबला. घरच्यांना वाटलं, सुटलो. दीड वर्षानं दाताच्या वर हिरडीत बारीक फोड आला. तो फुटायचा, बरा व्हायचा, परत यायचा. जून महिना लागला, पावसाळ्याची मासेमारी बंदी सुरू झाली आणि हरेश्वरला उसंत मिळाली, तेव्हा तो तिला घेऊन माझ्याकडे आला.

पोरगी म्हणजे फटाक्यांची माळ. पण बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायची, हसू आलं की तोंडावर पालथा हात. हात तोंडावर ठेवूनच तिनं मला सगळी माहिती दिली. “बाई, तो फोड फुटतो ना, तवा खारट लागतं. मी सांगतंव यांना, तं हे बोलतात थुंक.”

“आणि दात दुखतो का गं?”

“नाय. कदीच नाय. गार नाय लागत, गरम नाय लागत, काय नाय लागत.”

हरेश्वर खूश झाला. “दुखत नाय, बाई. तेवढं बरं हाय.”

“बरं कसलं? मेलाय तो, म्हणून दुखत नाही,” मी म्हटलं. अशी मी बोलते. पोरीनं ओठ आणखी खाली ओढला.

इथं जरा आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. दात हिरडीतून वर आला की तो तयार झाला असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. वर तो मिरवत असतो, पण त्याचं मूळ पुढची दोन-तीन वर्षं आत घडत असतं. दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्यात रक्त खेळतं, नस असते. हा गर मुळाच्या भिंती आतून जाड करत जातो आणि शेवटी मुळाचं टोक मिटवत आणतो. मध्येच दात आपटला, तुटक्या भागातून जंतू आत शिरले आणि गर मेला, की बांधकाम जिथल्या तिथे थांबतं. रुचिताचा एक्स-रे असाच होता. मुळाच्या भिंती पापडासारख्या, टोक नरसाळ्यासारखं उघडं, आणि टोकाभोवतीच्या हाडात पूनं खाल्लेला काळा डाग.

मोठ्या माणसाचं रूट कॅनल सोपं असतं. आत बारीक कानशी फिरवून घाण खरवडायची आणि पोकळी गच्च भरून टाकायची. पापडाला कानस कशी लावणार? आणि नरसाळ्यात भरलेलं तळाशी थांबणार कसं? पूर्वी आम्ही असल्या दातांत महिनोन् महिने चुन्याच्या जातीचं औषध भरत बसायचो. टोकाला कशीबशी एक खपली धरली की वर भरून टाकायचो. मूळ मात्र तेवढंच पातळ राहायचं, आणि एक दिवस पेरू खाताना मोडायचं. पुष्कळांचे तर मी सरळ काढूनच टाकले. ती पोरं आता बापई झाली आहेत, बाजारात भेटतात, प्लेट लावलेला दात दाखवून नमस्कार करतात. दुसरी वाट तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हती, तरी त्यांना बघून मला वाईट वाटतं.

आता दुसरी वाट आहे. आतले जंतू मारायचे, दात काही आठवडे औषध घालून बंद ठेवायचा, आणि मग मुद्दाम मुळाच्या टोकापलीकडे सुईएवढ्या हत्यारानं टोचून दातात रक्त आणायचं. लहान वयात त्या टोकापलीकडे अशा पेशी असतात, की ज्यांना अजून घडवायचं ठाऊक असतं. त्या रक्ताबरोबर आत येतात. रक्ताची गुठळी दातात धरली, की तिच्या आधारानं त्या तिथे घर करतात आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होऊ शकतं. ‘शकतं’ म्हणते आहे, लक्षात घ्या. होईलच असं कुणी सांगत नाही, आणि आत जे तयार होतं तो पहिल्यासारखा गर असेलच असंही नाही. पण भिंत जाड झाली आणि टोक मिटलं, तर दात जन्माला पुरतो.

सगळं अडतं ते जंतूंवर. ते काही सुटे भटकत नसतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसे दाताच्या भिंतीला चिकटून बसतात. खरवडता येत नाही म्हणजे फक्त धुवायचं. धुवायचं औषध कडक झालं तर जंतूंबरोबर पलीकडच्या पेशीही मरतात. सौम्य झालं तर पेशी वाचतात आणि जंतूही वाचतात. जंतू उरले तर गुठळी सडते आणि खेळ खलास. अशी ती तारेवरची कसरत.

हे सगळं मी हरेश्वरला समजावलं. थुंकी आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावून रुचिताचा दात धुतला, सावकाश, अगदी जिवाला कंटाळा येईपर्यंत. आत औषध घातलं, वरून तात्पुरता मसाला भरला आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. निघताना बापाला दम भरला, “समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. आणि हे बंद केलंय, त्यातून थुंकीचा एक थेंब आत जाता कामा नये. एक थेंब! कळलं?”

“थेंब नाय जानार, बाई,” तो म्हणाला. “आपलं कामच तें हाय.”

त्याच्या त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

तीन आठवडे व्हायच्या आधीच एका रविवारी, दुपारी मी वरणाला फोडणी देत असताना त्याचा फोन आला. “बाई, रुचीचं तोंड सुजलंय. निघालंव आमी.” माझा दवाखाना घराच्या खालीच आहे. संगीताला बोलावून घेतलं आणि दोघी दारात उभ्या राहिलो. शेजाऱ्याच्या टेम्पोतून तो तिला खांद्यावर टाकूनच उतरला.

वरचा ओठ टम्म. नाकाशेजारची खळगी भरून आलेली, खालची पापणी जड, डोळा अर्धा मिटलेला. अंग तापलेलं. आणि पोरगी गप्प. ती अखंड बोलणारी पोरगी गप्प बसलेली बघून मी आधी तिच्या डोळ्याला बोट लावून बघितलं. वरच्या समोरच्या दाताची सूज डोळ्याकडे चढली तर ती फक्त दाताची गोष्ट राहत नाही. पोरीच्या जिवाशी गाठ असते.

खुर्चीत घेतलं, दिवा ओढला, ओठ उचलला. माझा पांढरा मसाला गायब होता. त्याच्या जागी करड्या रंगाचा, गुळगुळीत, चकचकीत असा एक गोळा दाताच्या भोकात दाबून बसवलेला.

“हे काय आहे?”

“लांबी,” हरेश्वर म्हणाला.

“कसली लांबी?”

“बोटीची. दोन वड्या मळून लावतात ती. दगडावानी घट होते.” आणि मग त्यानं हळूहळू सांगितलं. पावसाळ्यात ताजी मासळी नाही, म्हणून घरी सुके बोंबील भाजलेले. रुचितानं एक चिवट बोंबील समोरच्या दातांत धरून ओढला आणि मसाला निघून पडला. दोन दिवस तिनं भीतीनं कुणाला सांगितलंच नाही. बापाच्या लक्षात आलं तेव्हा त्याची बोट धक्क्याजवळ ओढून ठेवलेली आणि तो तळाच्या फटी बुजवत बसलेला. “तुमी बोल्लाव, थेंब जाता नये. मंग मी कापूस कोंबला आत नि वरून लांबी मारली. चांगली वाळवली. पानी जानार नाय त्यातून, बाई, मी लिहून देतो.”

त्याच्या आवाजात, एवढ्या काळजीतही, थोडा अभिमान होता. आणि माझा तोल गेला.

“अरे माणसा! बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून बोट बुजवतात. इथं चोर दोन दिवस आत शिरून बसले होते आणि तू बाहेरून कडी घातलीस! आता तो पू जाईल कुठून? खाली वाट नाही, मग वर जाणार. तिच्या डोळ्याकडे बघ! फोन करता येत नव्हता? तोंडात काय बोट चालवायची होती तुला?”

आजवर मी त्याला तुम्ही म्हणत होते. त्या क्षणापासून तो माझ्यासाठी ‘तू’ झाला तो झालाच. त्याचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला. संगीतानं माझ्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, “बाई, पोरगी ऐकतेय.”

मग मी मशीन हातात घेतली.

बोट बुजवणाऱ्याचा हात होता तो. लांबी अशी बसली होती की निघता निघेना. जोर लावावा तर शेजारी पापडाएवढी भिंत. ती तडकली तर पुढचं सगळंच संपलं. बरं, पोरगी तापलेली, मध्येच हुंदका देई, की मी हात वर उचलायची. करडा भुगा निघत होता तोवर ठीक, पांढरा दिसला की थांबायचं, एवढंच ध्यानात ठेवून मी कण कण कोरत राहिले. भिंगातून बघून बघून डोळ्यांत पाणी आलं. संगीता मध्येमध्ये माझं कपाळ पुसत होती.

शेवटचा पापुद्रा फुटला आणि आतून पू असा उसळला की संगीताची शोषून घेणारी नळी कमी पडली. खोलीभर घाण वास. आयुष्यात मला एवढा आनंद कुठल्या वासानं झाला नसेल. थोड्या वेळानं रुचितानं लांब श्वास सोडला आणि रबराच्या पडद्याआडून म्हणाली, “हलकं वाटतंय, बाई.”

मग कापूस. ओला, सडलेला, धागा धागा सुटलेला. एक तंतू आत राहिला तरी त्यावर जंतूंचं गाव वसणार. चिमट्यानं एकेक तंतू ओढून काढला, धुतलं, पू वाहायचा थांबेपर्यंत थांबले आणि पुन्हा औषध घालून दात बंद केला. या वेळी बोंबलालाच काय, सुरमईच्या काट्यालाही दाद देणार नाही असा मसाला वापरला. ओळखीच्या बालरोग डॉक्टरांना फोन लावून औषधं ठरवली. त्यांनी बजावलं, सकाळपर्यंत डोळा उघडला नाही तर थेट हॉस्पिटल.

“करंज्याला जायचं नाही,” मी हरेश्वरला सांगितलं. “जवळ कुणी आहे का?”

“कामोठ्याला बहीण हाय.”

“मग तिच्याकडे राहा. आणि दाताला हात लावलास तर याद राख.”

सकाळी दवाखाना उघडायला खाली आले तर दोघं पायरीवर बसलेली. पोरीचा डोळा उघडा होता, टपोरा. मला बघताच सुरू झाली, “बाई, आत्याकडे ना मऊ भात खाल्ला, नुस्ता भात, मासळी नाय, काय नाय.” मी तिला म्हटलं, बस बाई, बोल किती बोलायचं ते.

जीव वाचला, आता दाताचं काय? माझा एक वर्गमित्र मुंबईत रूट कॅनलचा मोठा तज्ज्ञ आहे. त्याला एक्स-रे पाठवला. तो फोनवर सरळ म्हणाला, “अगं, काढून टाक आणि मोकळी हो. एवढा पू झाला, तिथे आता कसल्या पेशी जिवंत राहतायत? फार तर टोकाला सिमेंट भरून बुजव. रक्तबिक्त आणायच्या भानगडीत पडू नको.”

तो मूर्ख नाही. म्हणाला त्यात तथ्य होतं. पण नऊ वर्षांच्या पोरीचा समोरचा दात काढायचा म्हणजे काय, हे मी बाजारात रोज बघते. जबडा वाढेपर्यंत कायमचा दात बसवता येत नाही, तोवर काढायची-घालायची प्लेट, आणि तिथलं हाड झिजत जातं. ही पोरगी आत्ताच ओठ ओढून बोलत होती. पुढची आठ-दहा वर्षं ती कशी बोलली असती?

मी हरेश्वरला समोर बसवलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. तो खाली बघत म्हणाला, “माज्या लांबीनं मेला का तो, बाई?”

“दात आधीच मेलेला होता. टोकापलीकडचं काही जिवंत उरलंय का, तेवढंच बघायचं.”

“तें कसं कलनार?”

“टोचल्यावर रक्त आलं तर आहे. मग आशा आहे.”

“नि नाय आलं तं?”

“तर बुजवून टाकायचं. आणि मूळ कधी मोडतंय याची वाट बघायची.”

त्यानं वळून पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, “बगा टोचून. पन तोवर तुमीच बुजवा, मी नाय.”

त्यानंतर दर पंधरवड्याला ते यायचे. मी दात उघडायची, धुवायची, कागदाची बारीक वात आत फिरवून बाहेर काढायची आणि नाकाशी धरायची. यंत्रं कितीही येवोत, मला वास कळतो. पहिल्या खेपेला वात ओली आणि वासाची. दुसऱ्या खेपेला ओली, वास कमी. दर वेळी तो पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी मान हलवली की मागे जाऊन भिंतीला टेकायचा. तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली. नारळ सोडून झाले, बोटी पाण्यात गेल्या. हा मात्र भावाला पुढे पाठवून पोरीला घेऊन पनवेलला. बोटीवर माणूस कमी पडत होता, भाऊ चिडला होता, हे मला पुढे संगीताकडून कळलं.

मग एकदा वात कोरडी निघाली. नाकाशी धरली, काही नाही. संगीताच्या नाकाशी धरली. तिनंही मान हलवली. हिरडीवरचा फोड केव्हाच बसला होता. “आज टोचते,” मी म्हटलं.

भूल द्यायच्या नेहमीच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं औषध मिसळलेलं असतं, रक्त कमी यावं म्हणून. आज ते चालणार नव्हतं. साध्या भुलीची बाटली संगीतानं मोठ्यानं वाचली, मी हातात घेऊन परत वाचली. सुई दिली. खुर्ची पार आडवी करून रुचिताची मान मागे टाकली, म्हणजे वरच्या दाताचंही भोक वर आणि मुळाचं टोक खाली. रबराचा पडदा लावला. दात शेवटचा धुतला. टोकाला किंचित वाकवलेलं हत्यार मुळातून खाली नेलं, पलीकडे हलकेच टोचलं आणि वात घातली.

पांढरी. स्वच्छ पांढरी.

पुन्हा टोचलं. थांबलो. संगीतानं दिवा जवळ आणला. आत नुसती रिकामी, सुकी नळी. वर्गमित्राचे शब्द कानात वाजायला लागले. मी हत्यार काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि परत उचललं.

“नाय आलं का?” मागून हरेश्वरचा आवाज.

“गप्प बस जरा!”

तिसऱ्यांदा गेले, थोडं बाजूला, केसभर पुढे. रुचिताच्या पायाचा अंगठा एकदम वळला. भूल असूनही पलीकडे कुठं तरी तिला कळलं होतं. मी हत्यार काढलं आणि वाकून बसले. काळोख्या नळीच्या तळाशी आधी काहीच दिसेना. मग तिथला काळोख तांबूस झाला. मग चमकला. आणि रक्त हळूहळू, शहाण्या मुलासारखं, वर चढायला लागलं.

“आलं,” मी म्हटलं. मग मागे हरेश्वरला ऐकू जाईल असं, “आलं रे!”

हरेश्वर पुढे आला. दातात भरत आलेलं रक्त बघून त्याला काय करावं सुचेना. “बाई, वरून थेंब नको बोल्लाव, नि आता खालून गळायला पायजे?”

“हो. वरून बंद, खालून गळती. बोटीच्या उलटं आहे सगळं.”

“मंग मना कसं कलनार?” तो म्हणाला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. संगीतानं त्याला स्टूल दिलं.

गुठळी धरेपर्यंत कुणी हललं नाही, रुचितासुद्धा. गुठळीवर दातासाठीचं खास सिमेंट अलगद ठेवलं, वरून पक्कं भरलं आणि तुटलेला भाग शेजारच्या दाताच्या रंगाचा करून दिला. आरसा हातात दिला तर ती दातापेक्षा भोवतीचा रबराचा वळ बघूनच हसली. हसताना हात वर गेला. मी तो खाली दाबला.

पण माझं काम संपलं होतं, दाताचं नव्हतं. पुढे वाटच बघायची. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. टोकाभोवतीचा काळा डाग पुसट झाला होता. हाड भरत होतं, जंतू हरले होते. वर्षानं मुळाची भिंत जरा जाड दिसली. खरंच जाड झाली की मला तसं हवंय म्हणून दिसतेय? जुना फोटो शेजारी ठेवून मी आणि संगीता भांडलो. त्याच्या पुढच्या खेपेला भांडायचं कारण उरलं नाही. नरसाळ्याचं तोंड मिटत आलं होतं.

वर्गमित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, “नशीबवान आहेस.” मी म्हटलं, “मी कसली? पोरगी.”

एक गोष्ट मात्र राहिली होती. दर खेपेला मी कापसाच्या बोळ्यावर बर्फगार फवारा मारून तो दाताला लावायची. आत जिवंत नस असेल तर दाताला गार कळतं. पुष्कळ दातांत मूळ वाढतं, पण हे कळणं परत येत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. हे मी हरेश्वरला दर वेळी सांगायची. तरी बोळा लावला की तो श्वास रोखायचा. रुचिता म्हणायची, “नाय.” पुढल्या वेळी, “नाय.” नंतर तर वैतागून, “बाई, नाय म्हंजे नाय!”

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पोरगी उंच झाली होती, दोन वेण्या, ओठ ओढायची सवय कधीच गेलेली. माझ्याशी बोलता बोलता शाळेतल्या कुठल्या तरी बाईंची नक्कल करत होती. मी सवयीनं बोळा गार केला, दाताला लावला, आणि संगीताला पुढच्या पेशंटचं सांगायला वळले.

“आय गं!”

माझ्या मनगटावर चापट बसली. बोळा उडून जमिनीवर. रुचितानं दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं आणि डोळ्यांत पाणी. हरेश्वर धडपडत उठला. “काय झालं? काय केलाव, बाई?”

“थांबा,” मी म्हटलं. मी दुसरा बोळा घेतला, शेजारच्या दाताला लावला. “लागतंय?” “हो.” परत त्या दाताला. “आय गं, बाई, लागतंय ना! परत परत कनाला लावताव?” मला हसू आवरेना, म्हणून बोळा संगीताकडे दिला.

“हरेश्वर, तिला गार लागतंय.”

तो खुर्चीजवळ आला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “म्हंजे माज्या लांबीनं मेलं नाय ना काय?”

एवढे दिवस हा माणूस हे उरावर घेऊन माझ्या भिंतीला टेकून उभा राहत होता. मी त्याला त्या दिवशी ओरडले होते आणि विसरूनही गेले होते. त्याच्या मनातून ते हललं नव्हतं.

“नाही मेलं रे,” मी म्हटलं. “काही मेलं नाही.”

त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तो सगळ्यांसमोर, बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू जाईल असा रडला. संगीतानं पाणी आणलं ते तिनंच पिऊन टाकलं. रुचिता एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला भयंकर राग आला होता.

“मना दुखलं, नि हे रडतात, तुमी हसताव. कनाला?”

“दुखलं म्हणून नाही गं,” मी म्हटलं. “दुखलं एकदाचं, म्हणून.”

तिला काही ते पटलं नाही. तिनं जिभेनं दात चाचपला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “अजून गार लागतंय, बाई.”